चारोटी, दुपारी अडीच

4 सप्टेंबर 2022, रविवार

मर्सिडीज जीएलसी 220 डी. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दिशा मुंबई. गाडीत चौघं.

मागच्या सीटवर सायरस मिस्त्री, वय 54. डिसेंबर 2012 ते ऑक्टोबर 2016 या काळात टाटा सन्सचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी जहांगीर पंडोल. पुढे जहांगीर यांचे भाऊ दरायस. स्टिअरिंगवर दरायस यांच्या पत्नी, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अनाहिता पंडोल.

मिस्त्रींचे वडील पालनजी 28 जूनला वारले होते. उदवाड्याच्या इराणशाह आतश बेहरामचं दर्शन घेऊन मंडळी परत निघाली होती.

उदवाडा, वापी, भिलाड, तलासरी, चारोटी. सिल्वासाचा माणूस मुंबईला निघाला की नरोली ओलांडून भिलाडला याच रस्त्याला लागतो. कंपन्यांचे ट्रक, टेम्पो, लग्नाच्या गाड्या, जे. जे. किंवा केईएमला पेशंट घेऊन निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स, सगळ्यांना सूर्या नदीचा पूल ओलांडावा लागतो.

निघताना

पुढच्या दोघांनी पट्टे लावले. मागच्या दोघांनी लावले नाहीत, असं पोलिसांनी पुढे सांगितलं.

मागच्या सीटवरचा पट्टा तेव्हाही सक्तीचा होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138(3) पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटनाही लागू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब प्रमाणे दंड 1,000 रुपये. हा दंड मागच्या सीटवर कुणी भरल्याचं आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं होतं? ‘मागे कशाला पट्टा’ हे वाक्य वापीत, सिल्वासात, मुंबईत, घराघरांत सारख्याच सहजतेने म्हटलं जात होतं. पट्टा लावायला लागतात दोन सेकंद.

त्याआधीचे आठ महिने

घोडबंदर ते दापचरी हा या महामार्गाचा सुमारे 100 किलोमीटरचा तुकडा. 2022 सालात तोवर इथे 262 अपघात झाले होते. मेलेली माणसं 62, जखमी 192. हे आकडे पोलिसांच्या दप्तरात होतेच. वर्तमानपत्रांत आले ते 4 सप्टेंबरनंतर.

2020 पासून

या मर्सिडीजवर वेगमर्यादा ओलांडल्याची अनेक ई-चलानं निघाली होती, असं पालघर पोलिसांनी तपासात नमूद केलं. ई-चलान मोबाइलवर येतं. पैसे भरले की प्रकरण मिटतं. गाडी तीच राहते, रस्ता तोच राहतो. चलान नेमकं कुणाच्या हातून घडलेल्या वेगाचं होतं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याला नंबरप्लेट दिसते.

त्याच्याही आधी

सूर्या नदीच्या पुलाशी मुंबईकडे जाणाऱ्या तीन लेनच्या दोन होतात. पुलाचा काँक्रीटचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुढे आलेला होता. ज्या पट्ट्यावर अडचणीतल्या गाडीने सरकायचं, त्याच पट्ट्याच्या तोंडाशी भिंत. अपघातानंतर पाहणी करणाऱ्या सात जणांच्या न्यायवैद्यक पथकाने पुलाची रचनाच सदोष ठरवली. पथकाने तिथे पाहिलं ते सगळं महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

दुपारी 2 वाजून 21 मिनिटं

चेकनाक्यावरच्या सीसीटीव्हीत गाडी दिसते. पूल इथून सुमारे 20 किलोमीटर पुढे.

2.21 ते 2.30

पोलिसांच्या हिशेबाने गाडीने हे 20 किलोमीटर 9 मिनिटांत कापले. सरासरी वेग ताशी 133 किलोमीटर. चार किंवा जास्त लेनच्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर मोटारीला देशात कमाल मर्यादा 100 ची आहे. 100 ने गेली असती तर गाडी पुलाशी पोचायला 12 मिनिटं लागली असती.

इथे जरा थांबायला हवं, कारण दाव्यात वकील इथेच थांबतात. नाक्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ एक मिनिट पुढे-मागे असेल तर? 8 मिनिटं धरली तर सरासरी 150 होते, 10 धरली तर 120. अपघाताची वेळही पहिल्या दिवशीच्या बातम्यांत दुपारी सव्वातीन होती. सीसीटीव्ही पाहिल्यावर ती अडीचवर आली. भरधाव हा शब्द फिर्यादीत लिहिणं सोपं असतं. त्यामागे घड्याळ उभं करावं लागतं, आणि तेही दोन्ही टोकांना.

शिवाय सरासरी म्हणजे धडकेचा वेग नव्हे. सरासरी सांगते वाटेवर काय चाललं होतं. कठड्याशी काय झालं ते दुसऱ्याच यंत्राला माहीत होतं.

5 सेकंद

हे यंत्र गाडीतच होतं. मर्सिडीज कंपनीने पालघर पोलिसांना दिलेल्या अंतरिम अहवालाप्रमाणे धडकेच्या 5 सेकंद आधी वेग ताशी 100 होता.

ताशी 100 म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. 5 सेकंदांत 139 मीटर. इतक्या अंतरावरून लेन संपल्याची खूण, कठड्याचं तोंड आणि शेजारचं वाहन, तिन्ही गोष्टी एका नजरेत यायला हव्यात.

दरायस पंडोल यांनी पोलिसांना दिलेल्या जबाबात सांगितलं: गाडी तिसऱ्या लेनमध्ये होती. पुढची गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली. पाठोपाठ आपलीही न्यायची होती. पण दुसऱ्या लेनमध्ये ट्रक होता.

अपघात पाहणाऱ्या एका स्थानिकाने त्याच दिवशी सांगितलं होतं ते वेगळं: गाडीने डावीकडून ओव्हरटेक करायचा प्रयत्न केला आणि ताबा सुटला.

दोन्ही जबाब एकाच जागेचे आहेत. एकात ट्रक अडथळा आहे, दुसऱ्यात घाई हे कारण आहे. दोन्ही एकाच वेळी खरेही असू शकतात. ट्रक तिथे होता हे मान्य केलं तरी पुढचा प्रश्न उरतोच: जागा मिळत नाही असं दिसल्यावर वेग कधी उतरायला हवा होता? निष्काळजीपणा ठरतो तो या ‘कधी’वर.

ब्रेक

कंपनीच्या अहवालाप्रमाणे ब्रेक लागला आणि धडकेच्या वेळी वेग ताशी 89 होता.

100 वरून 89. पुढचं गणित माझं आहे, कंपनीचं नाही. कोरड्या रस्त्यावर करकचून दाबलेला ब्रेक अशा गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी 25 किलोमीटरने तरी उतरवतो. 11 किलोमीटर उतरवायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे त्या 5 सेकंदांपैकी बहुतेक वेळ ब्रेक लागलेला नव्हता, नाहीतर हलका लागलेला होता. ताशी 89 ला गाडीत 100 च्या वेगातली 79 टक्के ऊर्जा शिल्लक असते.

अडीचच्या सुमारास

गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढच्या एअरबॅगा उघडल्या.

गाडी थांबते तेव्हा पट्टा बांधलेला माणूस तिच्याबरोबर थांबतो. न बांधलेला ताशी 89 ने पुढे जात राहतो. त्याला समोरची सीट थांबवते, छत थांबवतं किंवा खांब थांबवतो.

मागचे दोघे, सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. जखमींना आधी वापीच्या खासगी रुग्णालयात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला हलवलं. मृतदेह कासा ग्रामीण रुग्णालयातून शवविच्छेदनासाठी मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले.

पहिले 48 तास

इथून दुसरं घड्याळ सुरू होतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण घरात अंत्यविधीची तयारी चाललेली असते.

1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे द्यायचा असतो. अंतरिम अहवाल 50 दिवसांत. सविस्तर अहवाल 90 दिवसांत. पीडितांच्या घरच्यांनी कुणाच्या दाराशी खेटे घालू नयेत, कागद आपणहून चालत यावा, ही कल्पना. 15 डिसेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात या मुदती पाळण्याबद्दल सगळ्या राज्यांना आदेश दिले. असे आदेश का द्यावे लागतात ते उघड आहे.

या 48 तासांत जे मोजलं जात नाही ते नंतर मोजता येत नाही. टायरच्या खुणा पुसल्या जातात. काचा झाडून टाकल्या जातात. ट्रक असेल तर तो निघून गेलेला असतो. गाडी क्रेनने हलते. सामान्य माणसाच्या अपघातात पंचनाम्यावर उरतं ते एक वाक्य: वाहन भरधाव वेगाने, हयगयीने चालवून. मिस्त्रींच्या बाबतीत कंपनीचे तज्ज्ञ आले, यंत्रातला डेटा निघाला, केंद्राच्या पातळीवर पाहणी झाली. त्याच वर्षी त्याच तुकड्यावर आधी मेलेल्या 62 जणांपैकी कुणाच्या वाट्याला एवढी मोजणी आली असेल असं वाटत नाही.

6 सप्टेंबर

वरळीला मिस्त्रींवर अंत्यसंस्कार. त्याच दिवशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या सीटवर पट्टा न लावणाऱ्यालाही दंड होईल असं जाहीर केलं. कायद्यात तो आधीपासून होता.

त्यानंतर पुलाच्या तोंडाशी धडक शोषून घेणारे क्रॅश अटेन्युएटर बसवले गेले.

नोव्हेंबर 2022

अपघाताला दोन महिने झाल्यावर कासा पोलीस ठाण्यात डॉ. अनाहिता पंडोल यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. भारतीय दंड संहितेची कलमं 304-अ, 279, 336, 338. बरोबर मोटार वाहन कायदा. जानेवारी 2023 मध्ये 152 पानांचं दोषारोपपत्र डहाणूच्या न्यायालयात गेलं. त्याच महिन्यात, कलम वाढवून सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावावा ही जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. आरोप म्हणजे दोष नव्हे. तो ठरवणं फौजदारी न्यायालयाचं काम.

पण फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा यांची गल्लत सर्रास होते. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय शाबित व्हावा लागतो. दावा न्यायाधिकरणात एवढं पुरतं की असं घडल्याची शक्यता जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बिमला देवी खटल्यात हे स्पष्ट केलं. फौजदारीत चालक सुटला म्हणून दावा बुडत नाही.

आणि जिथे एकटीच गाडी एखाद्या स्थिर वस्तूवर आदळते, तिथे पुराव्याचं ओझं आणखी हलकं होतं. याचं जुनं उदाहरण नागपूरचं आहे. 18 डिसेंबर 1960 ला एका जिनिंग कंपनीची मोटार कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. नागपूरहून पांढुर्ण्याला जाताना ती झाडावर आदळली आणि आतले पुरुषोत्तम उदेशी गेले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नीट चालवलेली गाडी रस्ता सोडून झाडावर जात नाही. ती का गेली हे आता चालकाच्या बाजूने सांगावं. त्यांना सांगता आलं नाही. कंपनीवर जबाबदारी आली.

चारोटीचा कठडा मात्र झाडासारखा रस्त्याबाहेर उभा नव्हता. तो रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात आलेला होता. इथेच ‘गाडी का आदळली’ या प्रश्नाला चालकाशिवाय आणखी एक उत्तर निघतं.

वाटणी

मागच्या सीटवरून गेलेल्यांच्या वारसांनी भरपाई मागितली तर हिशेब कसा होईल? या प्रकरणात तसं काही झालं का, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा उद्या भिलाडहून निघालेल्या कुठल्याही गाडीचा आहे.

आधी पट्टा. मृताचीही चूक होती, रक्कम कापा, असं विमा कंपनी म्हणेल. इंग्लंडमध्ये 1975 साली फ्रूम विरुद्ध बुचर खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी याचं माप घालून दिलं: पट्टा असता तर इजाच झाली नसती असं दिसलं तर 25 टक्के कपात, इजा कमी झाली असती तर 15 टक्के, काहीच फरक पडला नसता तर शून्य. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिकी खटल्यात मोटारसायकलवर तिघं बसले होते एवढ्यावरून कपात करायला नकार दिला. नियम मोडला हे पुरेसं नाही. मोडल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. चारोटीत पुढचे दोघे पट्ट्यासह वाचले आणि मागचे दोघे गेले. मागच्या सीटवर पट्ट्याने काय फरक पडला असता याचं मोजमाप एवढ्या नेमकेपणाने क्वचितच हाती लागतं, आणि ते वारसांच्या विरुद्ध जातं.

मग चालक आणि रस्ता. हे दोघे मिळून तिसऱ्याला इजा करत असतील तर ती संमिश्र हयगय. 2015 च्या खेनयेई निकालाप्रमाणे जखमी माणूस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. टक्केवारीचं भांडण त्यांनी आपसांत करावं.

पण रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याला मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणासमोर उभं करता येतं का? केरळात 1979 मध्ये फाटकवाला नसलेल्या रेल्वे फाटकात भाड्याच्या गाडीला आगगाडीने धडक दिली आणि 40 प्रवासी गेले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलाही त्याच न्यायाधिकरणासमोर जबाबदार धरता येतं असं ठरवलं. रेल्वे ही काही मोटार नव्हती. फाटकाला जे लागू, ते पुलाच्या कठड्याला का लागू होऊ नये, हा युक्तिवाद माझ्या मते पक्का आहे. दाव्यांत तो क्वचितच केला जातो.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना शिक्षा. कमाल दंड एक लाख रुपये. गुन्हा चारोटीत नोंदला गेला तो स्टिअरिंग धरलेल्या हातावर. पूल आखणारा हात त्या 152 पानांत आरोपी नव्हता.

4 मार्च 2023

अपघाताला सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासून कलम 166(3) प्रमाणे भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. त्याआधीची बरीच वर्षं ही मुदत नव्हती. लोक वर्षांनी यायचे. आता तेरावं, शाळेची फी, बँकेचे हप्ते यांतच सहा महिने जातात.

दुसरी पळवाटेसारखी दिसणारी वाट कलम 164 ची: दोष कुणाचा ते न विचारता मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन हीच वाट दाखवतो. ती रक्कम घेतली की 166 चा दावा संपतो. कमावता माणूस गेलेल्या घराने सही करण्यापूर्वी हे वाचावं.

सिल्वासाच्या माणसाचा अपघात चारोटीला झाला तरी त्याला पालघरच्या फेऱ्या मारण्याची गरज नाही. कलम 166(2) प्रमाणे अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे सिल्वासातच, दावा करता येतो. अपील मुंबई उच्च न्यायालयात, 90 दिवसांत. अर्ज लिहिताना चालक, मालक आणि विमा कंपनी ही तीन नावं वकील आपणहून घालतात. जागेचे फोटो काढून ठेवा, आणि कठडा, खड्डा, संपलेली लेन किंवा नसलेला फलक यांचा हात दिसत असेल तर चौथं नाव घालायला लावा: रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचं.